माश्यांना अजून कळवलेलं नाही

ती. अंका वन्संना,

पाव्लाचा नमस्कार. क्रान्यच्या डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा तुम्ही बांधता, कपाटात ठेवत नाही, असं धरून चालते. मी बरी आहे. जेवते, झोपते.

तुमचे भाऊ गेल्यापासून त्यांच्या मधमाश्या मात्र पिसाळल्या आहेत. शेजारचे गाश्पेर रोज कुंपणावरून सुनावतात, "धनी गेल्याचं पेटीवर टकटक करून सांगायचं असतं, पाव्ला. नाही सांगितलंस तर एक दिवस सगळ्या उठून जातील!" (त्यांची बायको उठून गेली तेव्हा तिला काय सांगायचं राहिलं होतं, हे मी विचारलं नाही.)

तेवढ्यात ल्युब्लियानाच्या विद्यापीठातून निवेस नावाची मुलगी आली. तिला मध नको, विष हवं. औषधांना दाद न देणारे जखमेतले काही जंतू या विषाने मरतात म्हणे. तिने पेटीच्या तोंडाशी बारीक तारा ओढलेली काच ठेवली. तारांतून हलकी वीज सोडली की माश्या काचेवर डंख मारतात, विष तिथेच वाळतं आणि माशीही जगते. आपल्या माश्यांनी काच पांढरी केलीच, शिवाय बघायला आलेल्या गाश्पेरना बसायच्या जागी डसल्या. तशातही त्यांनी विचारलं, "म्हणजे माझे जंतू मेले ना गं पोरी?"

"आजोबा, अजून प्रयोगशाळेच्या बशीतलेच मरतात. तुम्ही आपला बर्फ लावा."

जाताना ती मला म्हणाली, "मावशी, एवढं विष कुठेच मिळालं नाही. यांना अशाच चिडलेल्या राहू द्या."

मला हायसं वाटलं. विज्ञानासाठी माश्यांपाशी गप्प बसायला कोण नावं ठेवणार? पण काल कडेची पेटी रिकामी झाली. (निवेस फोनवर म्हणाली, राणी म्हातारी असेल. गाश्पेर पेटीपुढे टोपी काढून उभे राहिले. अर्थात हल्ली ते उभेच असतात.)

तब्येतीला जपा.

तुमची,
पाव्ला

ता. क. निवेसला पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं आहे. मी हो म्हटलं आहे.

ता. क. रविवारी तुम्ही याल का? सांगणारं माणूस घरचंच लागतं. मी रोज सकाळी जाते, पेटीवर टकटक करते, आणि लिंडनला फुलं आली एवढंच सांगून परत येते.