आठाच्या पुढं मावत नाही

बसवकल्याण, २४ ऑक्टोबर २०२५

चि. दानेश्वरीस आणि लिंगम्माअक्कास, राजशेखरचे शरणु शरणार्थी.

तुम्हां मायलेकींची माझ्यावर एकच तक्रार आहे आणि ती खरी आहे: हा माणूस आधी बोलतो, मग बघतो. दिवाळीतही तुम्ही फोन उचलला नाहीत, म्हणून हे पत्र.

कमठाण्याच्या सभेत प्रवचन करताना मी माईकवरून सांगितलं, की मैलूरला माझ्या सख्ख्या भाचीचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिनं मलाच मेमरीची खोटी पट्टी पाठवली. बसवली तर मशीन चालूच होईना. लोक हसले. टाळीही पडली. काल माझा मित्र पिराजी घरी आला. आम्ही दोघांनी एकाच दिवशी लॅपटॉप घेतले होते. माझ्या कपाटावरचा लॅपटॉपचा रिकामा खोका बघून तो म्हणाला, की हा तर त्याचा, माझा खोका त्याच्या घरी पडलाय.

दानू, मशीन किती मेमरी घेतं ते मॉडेल नंबरावरून कळतं, म्हणून लॅपटॉप उलटा करून खालच्या चिठ्ठीवरचा नंबर वाचा, असं तू सांगितलं होतंस. पण दर खंडेनवमीच्या पूजेत मी ओल्या विभूतीची तीन बोटं नेमकी त्या चिठ्ठीवर ओढत आलोय. एक अक्षर उरलं नव्हतं. ते सांगायची लाज वाटली आणि मी खोक्यावरचा नंबर वाचला.

पिराजीकडच्या माझ्या खोक्यावरचा खरा नंबर या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलाय. माझं मशीन किती घेतं ते बघून कळव. लोभ मागायला तोंड नाही.

तुझा मामा,
राजशेखर

मैलूर, बीदर, २९ ऑक्टोबर २०२५

ती. राजशेखरमामांस दानेश्वरीचा नमस्कार. अव्वा भावाच्या पत्राला हात लावायली न्हाई, मीच वाचून दाखवलं.

नंबर कंपनीच्या पानावर घालून बघितला. तुमच्या मशीनमध्ये चार जीबी बोर्डावरच पक्की बसवलेली आहे. मोकळी जागा एकच, आणि तीही चारचीच पट्टी घेते. आठाच्या पुढं ते मशीन जात न्हाई. मी पाठवलेली सोळाची पट्टी चांगलीच आहे, पिराजीमामांच्या मशीनला लावून बघा.

चूक माझीबी आहे. मशीन डोळ्यानं बघितल्याबिगर मी कुणालाच पट्टी देत न्हाई. तुम्हाला दिली, कामून तर मामा सांगतील ते बरोबरच असणार.

परवा कमठाण्याचे श्रीमंतकाका दुकानाच्या पायरीपर्यंत आले. शेजारच्या मोबाईलवाल्याला विचारलं, की सभेत सांगितलेली भाची हीच का. तो व्हय म्हटल्यावर लॅपटॉप काखेत मारून परत गेले. असे किती गेले ते मला दिसलं न्हाई. अव्वा म्हणते, मामा हाय, गप बस. पंधरा दिवस बसले, आता न्हाई. तुम्ही बोललात माईकवर आणि चूक कबूल करायलात पाकिटात. पाकीट श्रीमंतकाकांपर्यंत जात न्हाई.

मामींचे गुडघे कसे आहेत ते कळवा. माया होती तेवढी आहेच, पण राग त्याच्या वर बसलाय.

तुमची,
दानेश्वरी

बसवकल्याण, ३ नोव्हेंबर २०२५

चि. दानूस,

आशीर्वाद द्यायला हात उठत नाही. मामीचे गुडघे तसेच आहेत. माझ्याशी ती चार दिवस बोललेली नाही.

पट्टी पिराजीच्या मशीनला पहिल्याच दमात चालली. काल मी कमठाण्याला गेलो. कायकावर, काम हीच पूजा यावर, तासभर बोललो. हातानं काम करणाऱ्याचा मान ठेवा, तपासल्याशिवाय काही मानू नका, असं गरजलो. समोर श्रीमंत बसला होता. तुझं नाव ओठावर आलं, आणि मी म्हणालो, की आपल्यातल्या काहींकडून काही चुका होतात. पुन्हा टाळी पडली. त्या टाळीनं मान खाली गेली ती अजून वर येत नाही. तीस वर्षं माईक हातात आहे. दुसऱ्याचं नाव घेताना कधी अडखळलो नाही. स्वतःचं घ्यायला जीभ रेटेना.

हे मला एकट्याला जमत नाही, असं तुला लिहून देतो. रविवारी, ९ तारखेला, सकाळी दहाला तिथंच सभा आहे. अक्काला घेऊन ये आणि पुढच्या ओळीत बस. मी आधी तुझं नाव घेईन, मग माझी चूक सांगीन. तरीही मी गोल गोल बोलायला लागलो, तर वयाकडं बघू नकोस. थोडा लोभ उरला असेल तर एवढं कर: सगळ्यांसमोर उठ, मंचावर ये आणि माझ्या हातातून माईक काढून घे.

राजशेखर