हिरव्यावर लाल

सक्करदरा, नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. मयुराताईस,
सप्रेम जयभीम वि.वि.

उद्या लिहितो म्हणत महिना घालवला, हे कबूल. फोनवर फोटो पाठवला असता, पण त्यात रंग खोटा दिसतो. म्हणून पाकिटात माझ्या पाटीचा नमुना, त्याच रंगांत अक्षरं रंगवलेली कागदी पट्टीच टाकली आहे.

मी काम शिकतो त्या रुपराव पेंटरांच्या भिंतीवर रंगांचं चक्र आहे. लाल, पिवळा, निळा हे मूळचे; बाकी सगळी त्यांची लेकरं. समोरासमोरचे दोन कालवले की चिखल होतो, शेजारी ठेवले की एकमेकांना पेटवतात. संत्रेवाले निळी ताडपत्री का अंथरतात, ते बघत मी अर्धा दिवस बाजारात फिरलो. कामाला उशीर झाला, ते वेगळं.

तर, वाचनालयाची पाटी पहिल्यांदाच माझ्या एकट्याकडे आली. मी समोरासमोरचे रंग घेतले: हिरव्यावर लाल अक्षरं. जवळून काय पेटली! रस्त्यापलीकडून मात्र काही वाचता येईना. रुपरावजी म्हणाले, काहून गा, पाटी केली का टरबूज कापलं? सोळा तारखेच्या उद्घाटनापर्यंत जमव, नाही तर सावनेरची बस धर.

आयटीआय सोडल्यापासून बाबा बोलत नाहीत. असा हरून कोणत्या तोंडानं घरी येऊ? पट्टी बघ आणि चुकलं कुठं ते सांग.

आहे ती माया आटू देऊ नकोस.
तुझा,
रोशन

सावनेर
७ फेब्रुवारी

चि. रोशन यास,
अनेक आशीर्वाद.

भटक्या, तुझी पट्टी मी वाचली, आईनं वाचली. बाबांपुढे धरली तर म्हणाले, कोऱ्या कागदावर काय वाचू? आम्हाला वाटलं, राग. पण ते खरंच शोधत होते रे. मग आईनं पिकलेले नि कच्चे टमाटे पुढे ठेवले. बाबांनी दाबून दाबून निवडले. त्यांना लाल-हिरवा वेगळा दिसतच नाही! कच्चे टमाटे आणले म्हणून आई तीस वर्षं त्यांना बोलत आली होती. त्या दिवशी तिनं न मागता चहा दिला.

मग मी पट्टीचा काळा-पांढरा फोटो काढला. अक्षरं गायब! दोन्ही रंग सारखेच गडद. कोण कोणासमोर ते तू पाहिलंस. कोण किती उजळ, ते राहिलंच.

जेवत जा, आणि आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

सक्करदरा
१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
जयभीम वि.वि.

हिरवा आणखी गडद केला, अक्षरं फिकट पिवळी. आता उजळ-गडद कळावं म्हणून मी सगळीकडे डोळे बारीक करून बघतो. काल एका म्हशीवर आदळलो. पाटी पाहून रुपरावजींनी बारीक ब्रश हातात दिला आणि म्हणाले, कोपऱ्यात आपलं नाव टाक.

बाबांना दिसेल का, एवढंच कळत नाही. विचारशील?

जीव लावत राहा.
रोशन

ता.क. उद्घाटनाआधी वाचनालयाच्या पायरीवर बसून पाकीट चिकटवत होतो, तर रस्त्यापलीकडे कोणी पाटी मोठ्यानं वाचू लागलं. बाबा! पिशवी घेऊन रस्ता ओलांडून आलेत. रुपरावजी त्यांना विचारून राहिले, कोणाले शोधता गा? आणि बाबा कोपऱ्यातलं माझं नाव वाचून दाखवताहेत.