गव्हाणीतल्या बाळाची पाचवी

आये, डिसेंबर आला की मी आधीच दमते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी संध्याकाळी पाय सुजतात, जणू ड्युटी अजून संपलीच नाही. आज समोरच्या इमारतीत पोरांनी नाताळचा गोठा मांडलाय. गवत, मेंढ्या, धनगर, मरियम, जोसेफ आणि गव्हाणीत बाळ. भाजीची पिशवी हातात घेऊन बघत उभी राहिले, आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

बाहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. भिवंडीच्या मिशन दवाखान्यात तू आया होतीस. लूमवरच्या कामगारांच्या बायका बाळंतपणाला यायच्या आणि कळा सुरू झाल्या की डॉक्टरीणबाईंना सोडून तुझाच हात धरायच्या. मॅट्रिक होऊन मीही तिथेच मदतीला यायचे. मोठ्या सिस्टर मला नर्सिंगच्या ट्रेनिंगला पाठवणार होत्या. त्यांची चिठ्ठी मिळाली की मानकोलीच्या भातशेतीतून माझी सुटका. त्या चिठ्ठीपलीकडे मला काही दिसत नव्हतं.

दरवर्षी व्हरांड्यात गोठा मांडला जाई. चोवीस तारखेपर्यंत गव्हाणी रिकामी, मग त्यात बाळ येई. तू फरशी पुसता पुसता सिस्टरना विचारायचीस, ओल्या बाळंतिणीला असं उघड्यावर गुडघ्यांवर का बसवलंय, हिला कुणी शेक-शेगडी दिली की नाही. सिस्टर हसायच्या. त्या वर्षी नाताळानंतर, बाळाच्या पाचव्या दिवशी, तू माझ्याकडे कोरा कागद आणि पेन मागितलंस. पदराखाली हळद-कुंकू, तांदूळ आणि नारळ होता. कशाला हवंय विचारलं, तर तू भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केलंस.

"याची पाचवी कोनी केलीच न्हाय. सटवाय नशीब लिवाला आली आसंल, तं कागुद न्हाय, पेन न्हाय. म्हनून त्याचा आसा झाला."

मला हसू आलं, पण कागद-पेन मीच दिलं. तू त्या मातीच्या बाळाच्या कपाळाला हळद लावलीस, उशाशी सगळं मांडलंस आणि चादरींच्या घड्या करायला निघून गेलीस.

संध्याकाळी सिस्टरनी ते पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, आये. "ये किसलिए?" एवढंच त्यांनी मला विचारलं, तेही जवळजवळ हसत. पण माझं धाबं दणाणलं. चिठ्ठीवर सही व्हायची होती. मी म्हणाले, मला काही माहीत नाही, हिचं नेहमीचंच आहे, वॉर्डातल्या पोरांच्या नाळेलाही ही लपून हळद लावते, सांगून ऐकत नाही. तू दारात आलीस ती नेमकी या वाक्यावर. सिस्टरचं हसू गेलं. दुसऱ्या दिवसापासून तुला मागे कपडे धुवायला लावलं, आणि पुन्हा कुठल्याही बाळाला तुला हात लावता आला नाही.

त्या संध्याकाळी घरी जायला आपण एसटीत बसलो. मग तू खिडकीबाहेर बघत विचारलंस, "तुजा जाना पक्का झाला ना?" मी मान हलवली. "मंग बस," म्हणालीस, आणि घरी जाऊन भात टाकलास.

नाळेला काही लावू नये, हे पुढे मीच तीस वर्षं नव्या पोरींना शिकवलं. म्हणजे नाळेचं तरी मी खोटं बोलले नव्हते. पण बाळांच्या काळजीनेही बोलले नव्हते. सोड्याच्या पाण्याने तुझी बोटं फुटायची, मी सुट्टीत आले की त्यांना व्हॅसलीन लावून द्यायचे आणि विषय टाळायचे.

माफी मागायची म्हणून बसले होते. ती काही उमटत नाही. कारण आजही मला त्या व्हरांड्यात नेऊन उभं केलं, तर त्या चिठ्ठीसाठी मी पुन्हा तेच बोलेन. तुला वाचता येत नव्हतं याचं आज मला बरं वाटतंय, आये.