केतकीचं मत

फ्रीगंज, उज्जैन
१८ सप्टेंबर १९९५

प्रिय अहल्या,

मोठ्यांनी लहानांना पत्र लिहिताना आधी अनेक आशीर्वाद लिहायचे, अशी आमची रीत. पण तो शब्द या घराला सध्या नकोसा झालाय, म्हणून नुसतंच ‘प्रिय’ लिहून थांबले. केतकीच्या आईचं पत्र म्हणून न वाचता फाडू नकोस.

तुमच्या कॉलेजच्या निवडणुकीला आज अकरा दिवस झाले. तू केतकीशी बोलत नाहीस आणि ती कोणाशीच बोलत नाही. शाळेपासून एका बाकावर बसलेल्या तुम्ही दोघी. आता ती समोर दिसली की तू जिना बदलतेस म्हणे. येत्या शनिवारी वादविवाद मंडळातून तिचं नाव काढायचा ठराव तूच मांडणार आहेस, हेही तुमच्या मंडळातल्या पूजानं सांगितलं. राग येतो ग मला. तुझासुद्धा येतो. ‘श्रीनाथला मत दिलंस?’ एवढंच तिला विचारलंस, ती ‘हो’ म्हणाली आणि तू पाठ फिरवलीस. इतकी बक्षिसं मिळवणारी तू, तुला पुढचं ‘का?’ विचारायचं सुचलं नाही?

एकोणीस वर्गांचे एकोणीस प्रतिनिधी, त्यातली एक केतकी, आणि त्यांनी मिळून तुझ्या नि श्रीनाथच्यातून अध्यक्ष निवडायचा, हे मला केतकीनंच पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं. तुझ्यासाठी तिनं काय धावपळ केली ते मी पाहिलंय. वाचनालय पाचला बंद होतं आणि देवास-शाजापूरहून येणाऱ्या मुलींना पुस्तकं मिळत नाहीत, ही तुझी मागणी तिनं प्रतिनिधींच्या घराघरांत जाऊन सांगितली. हॉलमध्ये तुमची भाषणं झाली त्या दिवशी तर ती उड्या मारत घरी आली. कोणी मागून ओरडला, ‘बहनजी, पहले रोटी बनाना सीखो!’ आणि तू म्हणालीस, ‘रोटी गोल बनाती हूँ भैया, बात गोल-गोल नहीं करती.’ केतकीनं ते मला तीनदा करून दाखवलं. ह्यांनाही हसू आलं, आणि हे बँकेतून आल्यावर सहसा हसत नाहीत.

आता त्या श्रीनाथचं सांगते. घरात गणपती बसलेले होते. केतकी तुझ्याबरोबर बाहेर गेली होती. दुपारी तो दोन मित्रांना घेऊन आला, बाप्पाच्या दर्शनाला आलो म्हणाला. चपला नीट लावून ठेवल्या, देवापुढे साष्टांग नमस्कार घातला, मग माझ्या पायाशी वाकला. ‘काकीजी, बस आपका आशीर्वाद चाहिए.’ दारी आलेलं पोर वाकलं तर कोण नाही म्हणेल? मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, देवापुढचं श्रीफळ हातात दिलं आणि ‘विजयी हो’ म्हटलं. परीक्षेला जाणाऱ्या कोणाच्याही पोराला मी हेच म्हणते. मित्रानं फोटो काढला, तेव्हा मला वाटलं गणपतीचा काढतोय.

दुसऱ्या दिवशी तो फोटो तुमच्या नोटीस बोर्डावर. खाली लिहिलेलं, ‘केतकी की माताजी का आशीर्वाद, श्रीनाथ के साथ.’ ‘आशीर्वाद दीजिए’ म्हणजे मत द्या, हे लग्न होऊन इथे आल्यापासून प्रत्येक निवडणुकीत भिंतीभिंतीवर वाचतेय मी. पण देवासमोर उभी असताना तो शब्द मला आपल्या घरातलाच वाटला. तुमच्या गटानं केतकीला टोमणे मारले, ‘घर बिक गया’ म्हणाले. ती घरी येऊन माझ्यावर ओरडली, मी तिच्यावर. हे म्हणाले, पोरखेळ आहे, दोन दिवसांत विसरतील.

पुढचं केतकीनं तुला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही, म्हणून मी लिहितेय. मतदानाच्या सकाळी ती निघताना म्हणाली, ‘मी अहल्यालाच देणार. आशीर्वाद तुझा होता, मत माझं आहे.’ आणि माझं डोकं फिरलं. देवापुढे ‘विजयी हो’ म्हटलेलं माझ्याच घरातून खोटं पाडायचं? मी तिचा हात धरला आणि श्रीनाथलाच मत देशील अशी तिला महाकाळाची शपथ घातली. ती रडली, पाया पडली, हात सोडवू पाहिला. मी नाही सोडला. मी आजवर हे सांगतील तिथेच शिक्का मारत आले. मत आपलं स्वतःचं असतं म्हणजे काय, हे तिच्या तोंडाकडे बघूनही मला कळलं नाही. तू नऊ, तो दहा. ते एक मत मी नेलं. आईचं नाव पुढे येऊ नये म्हणून पोरगी गद्दार म्हणवून घेतेय, आणि मला त्याचाही संताप येतो, कारण बोल म्हटलं तरी ती बोलत नाही. तुमच्या मंडळात बाहेरच्या माणसाला उभं राहून बोलता येत नाही म्हणे. म्हणून शनिवारी ठरावाच्या आधी हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच, शपथेचा भाग गाळू नकोस. केतकीला यातलं काही माहीत नाही. खाली माझं पूर्ण नाव आहे. कोणी विचारलंच, तर तेच सांग.

तुझीच,
मंगलाकाकू
(सौ. मंगला गोपाळकृष्ण खांडेपारकर)