सुमनताई, उलव्याचं लसीकरण झालं

प्रिय सुमनताई,

काल, बुधवारी, उलव्याच्या बांधकाम मजुरांच्या वस्तीतलं बाळांचं लसीकरण पार पडलं. एरवी ही काय पत्रातून कळवायची गोष्ट? पण ते रद्द होणार होतं, आणि झालं ते तुमच्यामुळे. मग तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

विमानतळ शेजारी आला, कुठलीही साथ कधीही उतरेल, म्हणून आणीबाणीचा सराव ठरला होता. नेमका बुधवारी! सगळ्या सिस्टरांनी पनवेलला हजर राहायचं, लसीकरण पुढच्या महिन्यात. आरोग्य अधिकारी म्हणून फक्त माझी सही बाकी होती. ती करवेना.

मी आरोग्य केंद्रात नवीकोरी डॉक्टर म्हणून आले, तेव्हा तिथल्या जुन्या सिस्टर म्हणून गावं तुम्हीच दाखवलीत मला. आपट्याला नदीकाठाने चालायचो आपण. लशींचा डबा तुमच्या खांद्याला, पेन अंबाड्यात खोचलेलं. दर दारात बाळाच्या आजीला नावाने हाक. मी दमले की सावली बघून तांदळाची भाकरी नि जवळा सोडायचात. "खावा डाक्टरबाई, उपाशी मानसाच्या हातून सुई वाकडी जाते." किती हसायचो!

आणि मे महिन्यातली तुमची ती वही! पावसात बाळंत होणाऱ्या बायकांची नावं. "पानी चढला का रस्ता नाय. आताच बहिनीकडं जाऊन रव्हा," म्हणून घरोघरी मागे लागायचात. एका वर्षी खरंच गाव तुटलं, पण एकही अवघडलेली बाई पलीकडे अडकली नाही. मला वाटायचं, ही ताईंची सवय. तयारी म्हणतात ती हीच, हे तेव्हा कुठे कळत होतं मला?

मग कोरोना आला. मी सगळ्यांना विलगीकरण केंद्रावर लावलं. टीबीच्या गोळ्यांच्या फेऱ्या बंद. तुम्ही माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिलात.

"डाक्टरबाई, ही साथ हाय, तसा टीबी पन हाय. त्याला कुनी सुट्टी दिली नाय."

"ताई, आदेश आहे. नंतर बघू."

तरी ड्यूटीच्या आधी तुम्ही आपट्याला, टीबी झालेल्या वनिताकडे गोळ्या घेऊन जातच राहिलात. एकदा तासभर उशीर झाला, आणि मी तुम्हाला मेमो दिला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाईला! तुम्ही एवढंच विचारलंत, "सही कुठं करू?"

वनिता बरी झाली. पण पलीकडच्या गावातले मधुकरकाका, जिथवर तुमचे पाय पोचू शकले नाहीत, त्यांचं औषध तुटलं ते तुटलंच. कोरोनाने नाही गेले ते. माझ्या 'नंतर बघू'ने गेले. साथीत माणसं लागतच होती, ते खोटं नव्हतं. पण सगळ्याच्या सगळ्या सिस्टर तिकडे कशाला पाठवल्या मी? तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. दाखवायचं होतं ना, ताई! तेवढं सोपं गेलं असतं मला.

निवृत्तीच्या दिवशी मी भाषण केलं, शाल दिली. मेमोबद्दल चकार शब्द नाही. वाटलं, घरी येऊन निवांत बोलू. आणि तुम्ही? गावभराचा बीपी मोजलात, स्वतःचा कधी मोजलात का? गेल्या दिवाळीनंतर निरोप आला तो थेट तुमच्या जाण्याचाच. याचा राग अजून आहे मला.

तर परवाची बैठक. जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, महिनाभर पुढे गेलं तर काय बिघडतं?"

"सर, महिन्याने ती वस्ती दुसऱ्या साइटवर गेलेली असेल. ती पोरं परत सापडायची नाहीत."

"आणि उद्या साथ आली तर?"

"तर कुठल्या खोलीत तान्हं बाळ आहे, कोण गरोदर आहे, कोण खोकतंय, हे आपल्याला कोण सांगणार? या सिस्टरच ना? त्यांना वस्तीपासून तोडून सरावाला आणायचं, तर सराव कशाचा?"

साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. मग सराव शुक्रवारवर गेला. तोही मी मन लावून करणार आहे, तोही लागतोच.

काल पत्र्याच्या शेडमध्ये पोरांचा नुसता कल्ला! एक बाई आपल्या बाळाबरोबर शेजारणीचंही घेऊन आली. जाताना हळूच म्हणाली, नवऱ्याचा खोकला थांबत नाही. सिस्टरने लगेच खोलीवर जाऊन त्याला तपासणीला काढलं. तुम्ही असतात तर त्याच्या हातात आधी भाकरी ठेवली असतीत.

ताई, तो मेमो आता कुणाकडून परत घेऊ? पण एक शब्द देते. यापुढे कितीही मोठी आणीबाणी येवो, कुठल्याही सिस्टरची ड्यूटी बदलण्याआधी मी तिला समोर बसवून विचारीन, "या आठवड्यात तुमची वाट कोण कोण बघतंय?" आणि तिचं सांगून होईपर्यंत पेनाला हात लावणार नाही.

तुमची,
डाक्टरबाई