मुठीतली ताकद, चढत्या क्रमाने

३ जून
कॉलेज सोडलं ते बरंच झालं. तिथले प्राध्यापक फळा पुसायच्याही लायकीचे नव्हते. आईने पुन्हा प्रवेशाचा फॉर्म आणून ठेवला होता. घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. टेबल हलायचं थांबलं. फॉर्मचा तेवढाच उपयोग.

फिजिओथेरपी केंद्रात लागलो. आकडेवारी सांभाळणारी ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. माझी हरकत नाही. म्हणाली, ही फाईल नीट केलीस तर तुला कायम करायची शिफारस करीन. हसली. दहापैकी नऊ. नोंद केली.

५ जून
फाईल म्हणजे पेशंटच्या मुठीची ताकद, दर भेटीला मोजलेली. नुसता गबाळा कारभार. प्रत्येकाचे आकडे चढत्या क्रमाने लावले, तारखांचा कॉलम उडवला. एकाच माणसाची लागोपाठची मापं एकमेकांसारखी असतात, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. त्याला म्हणे कोरिलेशन स्ट्रक्चर. सांगितलं. मापं कधीची ते सांगत बसलो नाही. कळेल त्याचं त्याला.
हसू: सहा.

६ जून, दुपारी
सगळे पेशंट सुधारतायत. शिंपीकाकासुद्धा, आता बरे म्हणून त्यांचे व्यायाम बंद करायचं पत्र तयार झालं. मापं घेणारा ढोल्या विचारत होता, तारखा कुठायत? स्वतःच्या शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत याला.
हसू: चार. तिच्या हसण्याचंही मॉडेल केलं. आकडे सवयीप्रमाणे चढत्या क्रमाने. रेष सरळ वर. प्रेमच आहे.

७ जून
ती म्हणाली, स्ट्रक्चरमधून कोव्हेरिएट काढून दाखव, म्हणजे सॉफ्टवेअरने कोणत्या वेळेच्या हिशेबाने मापं जोडली ते दिसेल. एका ओळीची कमांड. प्रत्येक पेशंटला एक, दोन, तीन, चार, पाच. काय ती शिस्त! ती बघतच राहिली. म्हणाली, शिंपीकाका मधले दोन महिने आलेच नव्हते. म्हटलं, तुम्ही विसरला असाल.

पाच वाजता तिने काकांना आत बोलावलं, हातात कात्री दिली. पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. काका म्हणाले, "जानेवारीत कोट कापत होतो रे पोरा."
ती शांतपणे म्हणाली, "तू तारखा दिल्या नाहीस, म्हणून सॉफ्टवेअरने ओळी मोजल्या. आणि ओळी तू चढत्या लावल्यास."
पत्र फाडलं. शिफारशीचा विषय निघाला नाही. चूक सॉफ्टवेअरची, एवढं मी सुनावलं. भिंतीला.

८ जून, घरी
हसण्याच्या शीटला तारखा घातल्या. नऊ, सहा, चार, काल शून्य. शीटच सदोष. पुसून टाकली.

टेबलाखालचा फॉर्म काढला. शेवटची तारीख पाच जून.
घडी करून होता तिथेच सरकवला. टेबल तरी हलायला नको.