वाळूवर भाजलेला पॅनकेक

अण्णा, आज रविवार, आणि सकाळी मी पॅनकेक केला. तुम्ही खडकीच्या मेसमध्ये साहेबलोकांसाठी करायचात तोच. तव्यावर उलटायचा नाही, भट्टीत ठेवायचा. तळाला फळांचे काप, त्यावर पीठ. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता बारा वर्षांनी मोठा आहे, तेव्हा खरं तर तुम्हाला अरे-तुरे करायला हरकत नाही, पण जीभ वळत नाही. ओव्हन सुनेचा. तिनं हौसेनं घेतला, दोनदा केक केला, आणि मग तो माझ्याकडे आला. घरातल्या सोडून दिलेल्या हौशी शेवटी म्हाताऱ्याच्याच वाट्याला येतात. रविवारची न्याहारी आता माझ्याकडे असते. पहिल्या रविवारी नात म्हणाली, "आजोबा, सिरियसली? तुम्ही?" मी म्हणालो, माझे वडील आचारी होते. "मग त्यांनी शिकवलं तुम्हाला?" मी हो म्हणालो. तुम्ही मला काहीही शिकवलं नाहीत, अण्णा. मी जे करतो ते नातीच्या मोबाईलमध्ये बघून.

शिकवणार तरी कुठून? घरातल्या शेगडीला तुमचा हातच लागत नव्हता. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, माहेरून आलेली. तुम्ही दिवसभर मटणात आणि अंड्यांत. म्हणून क्वार्टरच्या पुढच्या दाराशी जो नळ होता तिथे आधी आंघोळ, मेसचे कपडे बाहेरच्या खुंटीवर, आणि मग उंबरा. शंभर माणसांचं रांधून आलेला माणूस स्वतःच्या घरात पाटावर हात बांधून बसायचा, आणि आई वाढेल ते मुकाट्यानं खायचा. मीठ कमी असलं तरी बोलायचा नाही. आणि तुमचा शब्द त्या घरात आधीच एकदा फुटलेला होता. धाकटी बहीण टायफॉइडनं पडली तेव्हा तुम्ही मेसमधून रोज डबाभर "डाळीचं पाणी" आणायचात. एक दिवस डब्याच्या तळाशी आईला हाडाचा तुकडा सापडला. धाकटी बरी झाली. तुमचा शब्द काही बरा झाला नाही.

मी तेव्हा पंधरा वर्षांचा, आणि कवितेनं पार झपाटलेला. शाळेच्या पुस्तकातल्या कविता एका जाड वहीत उतरवायचो. शीर्षक लाल शाईत, कविता निळ्या शाईत, आणि शेवटच्या पानांवर माझ्या स्वतःच्या. आजही काल संध्याकाळी कुठली भाजी होती ते मला सांगता येत नाही, पण सातवीच्या पुस्तकात कुठली कविता डाव्या पानावर होती आणि कुठली उजव्या, ते डोळे मिटून सांगेन. संध्याकाळी दिवेलागणीला मी हातवारे करून म्हणायचो. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. मी चुकलो तर तिला कळायचं नाही, तरी ती ऐकायची. एकदा तुम्ही दारात उभे राहून अख्खी कविता ऐकलीत आणि म्हणालात, "छान. आता हेच डाळीला म्हणून दाखव. शिजते का बघू." धाकटी फिदीफिदी हसली. आई हसली नाही, म्हणून मी ते सोसलं.

आणि मग तो रविवार. थंडीचे दिवस आहेत. मी सकाळीच नदीकडे गेलेलो, पाण्यावरचं धुकं बघायला, कारण कवींनी धुकं बघायचं असतं अशी माझी समजूत. परत येतो तर घरभर दालचिनीचा वास. तुम्ही स्वयंपाकघरात! आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, शेगडीपुढे उकिडवे. आईला पहाटेच देवळात पाठवून तुम्ही पीठ भिजवलं होतंत. मेसचं भांडं नको म्हणून कोरा डबा आणला होतात. भट्टी नव्हती, तर मोठ्या पातेल्यात नदीची वाळू, वाळूत तो डबा, आणि झाकणावर निखारे. तळाला केळी, आणि एक सफरचंद, जे आपल्या घरात फक्त आजाऱ्याला मिळायचं. आई देवळातून परत आलेली, पाटावर बसलेली. बसलेली म्हणजे बसवलेली. "अहो, मला उठू द्या, कुणी बघेल." तुम्ही म्हणता, "लोक झोपलेत. बस तू. आज मी वाढणार." असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. तिचे हात मांडीवर नुसते पडले होते, काय करावं ते न कळल्यासारखे.

तुम्ही डबा परातीत उपडा केलात. तळाला लोणी लावलेला कागद घालायचा ही मेसची रीत. तो तुम्ही अलगद सोलून काढलात, आणि कागदावर निळी अक्षरं होती. माझी. शेवटच्या पानावरची, नदीची कविता. शाई उतरून एका केळ्याच्या कापावर निळसर डाग पडला होता. तुम्हाला जाड कागद हवा होता, तुम्ही माझ्या वहीचं पान फाडलंत, मला न विचारता, मधे कोऱ्या पानांचा गठ्ठा असताना. तो कागद बोटांत धरून तुम्ही म्हणालात, "बघ, डाळ नाही शिजली, पण पॅनकेक शिजला तुझ्या कवितेवर." आणि आई हसली. तोंडात घास, तोंडावर हात, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या, डोळ्यांत पाणी येईतो हसली. तुमच्यासोबत हसली. मी तिला तशी हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढेही नाही, कारण तिचं हसणं थांबायच्या आत मी म्हणालो, "आई, यात अंडी आहेत. मी टरफलं पाहिली. बाहेर नळापाशी."

तुम्ही एवढंच म्हणालात, "दही आहे गं. दही, साखर, सोडा. बास." आईनं तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझं पोर खोटं नाही बोलायचं," ती म्हणाली, पाटाकडे बघत. उठून मागच्या दारी गेली, घशात बोटं घातली. आपण तिघं आत बसून ते ऐकत होतो. मग चूळ भरून आली, गळ्यातली माळ काढली आणि देवांशेजारच्या खिळ्याला अडकवली. "आता नवी घालायची माझी लायकी नाही," म्हणाली. लोकांनी समजावलं, पुन्हा माळ घेता येते, चुकून घडलेल्याला दोष नसतो. तिनं ऐकलं नाही. चार वर्षांनी ती गेली तेव्हाही माळ खिळ्यालाच होती. तुम्ही त्या दिवशी निखाऱ्यांवर पाणी ओतलंत, वाळू अंगणात टाकलीत, आणि त्यानंतर त्या शेगडीकडे कधी फिरकला नाहीत.

ती माळ पुढे धाकटीनं घातली. "आईचं अर्धं राहिलंय, ते मी पुरं करते." आज ती सत्तर वर्षांची आहे, हडपसरला लेकाकडे असते, आणि ती माळ अजून तिच्या गळ्यात आहे. तुमचा फोटो माझ्या कपाटात आहे, भिंतीवर नाही. कारण ती येते. एकदा लावला होता तर म्हणाली, "दादा, आईला फसवून बाटवलं या माणसानं. याच्यापुढे मी हात जोडायचे?" मी फोटो उतरवला. खिळा तसाच राहिला, त्याला आता कॅलेंडर आहे.

इतकी वर्षं मी एका गोष्टीला धरून होतो, अण्णा. अंड्याशिवाय हा पदार्थ होतच नाही. मेसमध्ये तुम्ही डझनभर अंडी फोडायचात हे अख्ख्या वसाहतीला ठाऊक होतं. तेव्हा मी जे बोललो ते काही का असेना, खरंच असणार. या एका वाक्यावर मी झोपलो, जेवलो, लग्न केलं, पस्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं. अगदी शेवटी, दवाखान्यात, तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "त्या दिवशी दही जरा आंबटच होतं." नर्स म्हणाली, आजोबा भ्रमात बोलतायत. मी म्हणालो, हो, भ्रमच.

ओव्हन आल्यापासून मी दर रविवारी अंडी घालूनच पॅनकेक करत आलोय. तो फुगतो. पुरीसारखा टम्म फुगतो, कडा भांड्याबाहेर चढतात, नात टाळ्या वाजवते, आणि बाहेर काढला की मधोमध खचतो. तुमचा तसा नव्हता. तुमचा सपाट होता, जड, वर एक भेग, किंचित तांबूस. पहिल्याच रविवारी हे माझ्या लक्षात आलं होतं. वाळूची आंच कमी पडली असेल, असं मी ठरवून टाकलं. पोरांच्या पेपरात चूक शोधणारा मी, इथे मात्र स्वतःला पुरे गुण देऊन मोकळा झालो.

मग परवा धाकटीचा फोन. "दादा, तुझ्या पॅनकेकची कीर्ती हडपसरपर्यंत आलीय. येते रविवारी. अंडं घालणार असशील तर नुसत्या चहावर जाईन." म्हणून आज पहिल्यांदा दही घातलं. दही, साखर, सोडा. ओव्हनचं दार उघडलं आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. सपाट. तांबूस. वर भेग. नात म्हणाली, "फुगला नाही, आजोबा. फ्लॉप." सून धाकटीला म्हणाली, "आत्या, निर्धास्त खा, अंडं नाही, मी स्वतः उभी होते." आमच्या घरात न्याहारीला आता साक्षीदार लागतो, अण्णा. धाकटीनं घास घेतला, चावला, आणि तिचे डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, निकाल लागायच्या दिवशी पोरं बघतात तसा.

"दादा," ती म्हणाली, "हा तोच रे."

"कुठला?"

"अण्णांचा. कडेला अस्साच आंबट होता. मी तीन तुकडे खाल्ले होते तेव्हा, मला कुणी थांबवलंच नाही. तोच आहे हा." आणि मग तिचा हात ताटाशी थांबला. "पण मग त्यात..."

सून बघत होती. नात म्हणाली, "कोणाचा? काय झालं?" इतकाच वेळ होता, अण्णा. दोन श्वासांचा. बासष्ट वर्षांनी दार आपणहून उघडलं होतं, मला फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तेव्हा तू आठ वर्षांची. टायफॉइडनं तुझी जीभ कधीच गेली. कुठेही आंबट लागलं की तुला अण्णा आठवतात." सगळे हसले. ती पण हसली, तोंडावर हात ठेवून, अगदी आईसारखी. मग तोच हात गळ्याशी गेला आणि माळेवर थोडा वेळ राहिला. "असेल बाई," ती म्हणाली. "साठ वर्षं म्हणजे काय थोडी झाली." जाताना दोन तुकडे डब्यात घालून घेऊन गेली, लेकाला द्यायला.

आता दुपार आहे. घर झोपलंय. मी तुमच्यावर रागावून लिहायला बसलो, आणि अजून रागावलेलाच आहे. माझं पान तुम्ही फाडायला नको होतं. आणि फाडलंत तर फाडलंत, पण त्या दिवशी मला एक कानाखाली द्यायची होतीत. मनगट धरून ओढत न्यायचं होतंत, "चल, दाखव टरफलं." नळ दहा पावलांवर होता. तुम्ही नुसते माझ्याकडे बघत राहिलात, आणि तुमच्या बघण्यातून मला कळलं की तुम्हाला सगळं कळलंय. आईसमोर पोराला खोटं पाडायचं नाही, असला कसला मोठेपणा होता तो? कुणी मागितला होता? तुम्ही गप्प बसून सुटलात. मला मात्र जन्मभर खरं बोलणाऱ्या पोराचं सोंग वागवावं लागलं.

स्वारगेटला बस बदलली की तासाभरात धाकटीच्या दारात पोचता येतं. हे सगळं तिला सांगायचं आहे. तुम्हाला लिहिण्यात काय अर्थ, तुम्हाला तर पहिल्यापासून ठाऊक आहे. पण ती सत्तर वर्षांची आहे, आणि त्या माळेवर तिनं अख्खा जन्म ओवलाय. शिवाय ती माझ्याकडे कशी बघेल, याची मला भीती वाटते. ही शेवटची गोष्टच खरी, आधीची दोन मी शोभेला लिहिली. ही पानं मी वहीतून फाडणार नाही. वही कपाटात तुमच्या फोटोखाली राहील.

एक ओळ राहिली. त्या सकाळी नदीवरून मी मागच्या दारानं घरात आलो होतो. पुढच्या नळाकडे मी गेलोच नव्हतो, अण्णा.